राजारामपुरीतला 'एअरपोर्ट इंग्लिश'चा क्लास : जाताना मराठीवर भागलं, येताना इंग्रजी लागली

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहिणार नाही. खाली थोड्या तक्रारी पण आहेत आणि तिथल्या मॅडम दरवर्षी माझ्याकडून चार किलो कांदा-लसूण मसाला नेतात, गिऱ्हाईक तुटायला नको. ज्याला पाहिजे त्यानं कोल्हापुरात राजारामपुरीत जाऊन "विमानतळाचं इंग्लिश शिकवतात ते कुठं ओ" एवढं विचारलं तरी कोणीही बोट दाखवंल. झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला, जिना अंधारा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश.

मी मंगळवार पेठेत घरातनंच मसाला करून विकते. वय ५४, शिक्षण बारावी, मराठी मीडियम. इंग्रजी वाचता येतं, म्हणजे गोळीच्या पाकिटावरची तारीख, लाईटचं बिल, बँकेचा मेसेज एवढं. बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटलीच म्हणून समजा. लेक शिकागोजवळ असते, तिचं पहिलं बाळंतपण, तिची सासू आजारी, आमच्या ह्यांना दुकान सोडून तीन महिने हलता येत नाही, म्हणजे जायचं मी एकटीनं. व्हिसा झाला तेव्हा घरात पेढे वाटले आणि रात्री मला झोप लागंना. आमचं कोल्हापूरचं, उजळाईवाडीचं विमानतळ १९३९ सालचं, राजाराम महाराजांच्या काळातलं, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं, पण आमच्या गल्लीत विमानात बसलेली माणसं मोजायला दोन्ही हाताची बोटं पुरतात आणि त्यातली निम्मी तिरुपतीला जाऊन आलेली.

सगळ्यांचा सल्ला एकच, व्हीलचेअर सांग. पायाला काही झालेलं नाही हो माझ्या, मे महिन्यात उन्हात उभं राहून मिरच्या वाळवते मी, पण भाषा येत नाही म्हणून खुर्चीत बसायचं, मग तो खुर्ची ढकलणारा माणूस सगळं बोलतो आणि आपण मुकाट्यानं पासपोर्ट पुढं करायचा. बरीच मंडळी हेच करतात. मला ते काही पटलं नाही. एक तर ज्याला खरंच चालता येत नाही तो बिचारा खुर्चीची वाट बघत बसतो, आणि दुसरं म्हणजे लेकीच्या दारात मी चालत जाणार होते, लोळागोळा होऊन नाही. मग पुतण्यानं ह्या क्लासचं सांगितलं.

फी २,५०० रुपये, बारा दिवस, रोज दीड तास, दुपारी चार ते साडेपाच. आमच्या बॅचला नऊ जण. हुपरीचे चांदीवाले एक मामा, दुबईला चाललेले. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतले एक सुपरवायझर, कंपनी मशीनच्या ट्रेनिंगला जर्मनीला पाठवणार होती. गडहिंग्लजकडचे आजी-आजोबा, लेकाकडं ऑस्ट्रेलियाला. दोन नर्स पोरी, त्यांना खरं तर सगळं येत होतं पण तोंड उघडत नव्हत्या. बाकीचे असेच, पहिल्यांदा निघालेले.

शिकवायला दोघं. मॅडम म्हणजे हायस्कूलमधनं रिटायर झालेल्या इंग्रजीच्या बाई, आणि एक पोरगा, माझ्या मुलाच्या वयाचा, दोन वर्षं विमानतळावर काउंटरला नोकरी करून आलेला. त्याला आम्ही सगळे सर म्हणायचो आणि तो लाजायचा. क्लासात बाकं नाहीत. एका टोकाला टेबल, त्याच्यामागं सर, शेजारी बाजारातला कांदा-बटाट्याचा वजनकाटा, आणि कोपऱ्यात एक जुनी चाकांची बॅग, आत काय भरलंय तर जुने दिवाळी अंक आणि दोन विटा. पहिल्या दिवशी मला वाटलं, चला, अडीच हजार पाण्यात गेले. एबीसीडी नाही, व्याकरण नाही, फळ्यावर एक अक्षर नाही. मॅडम म्हणाल्या, "काकी, बॅग उचला आणि जावा काउंटरला." मी गेले. सरांनी विचारलं, "गुड इव्हनिंग मॅम, व्हेअर आर यू फ्लाइंग टुडे?" आणि मी म्हणाले, "फाइन, थँक्यू."

कोणी हसलं नाही. कारण आधीच नियम सांगून ठेवलेला, जो हसंल त्यानं सगळ्यांचा चहा पाजायचा. नऊ चहा म्हणजे शंभराच्या पुढं जातंय, माणूस दात दाबून बसतो. आमच्या वयाच्या माणसाला शिकवायचं तर पहिलं हेच लागतं माझ्या मते, चुकल्यावर कोण फिदीफिदी करणार नाही ह्याची खात्री. शाळेत असताना आमच्या इंग्रजीच्या सरांनी "शी गोज"च्या जागी "शी गो" म्हटलं म्हणून मला अख्खा तास उभं केलेलं, ते अजून डोक्यात आहे, चाळीस वर्षं झाली.

शिकवायची पद्धत अशी की आधी मराठीत सांगायचं काउंटरवर काय-काय होतं. पासपोर्ट मागणार, तिकीट मागणार, कुठं चाललाय विचारणार, बॅगा किती, त्या काट्यावर ठेवायला सांगणार, बॅगेत चालत नाही असं काही आहे का विचारणार, सीट विचारणार, मग पट्टी लावून बॅग आत आणि बोर्डिंग पास हातात. एवढं एकदा डोळ्यासमोर बसलं की इंग्रजी कानावर आलं तरी अंदाज लागतो. म्हणजे प्रश्नातला एक शब्द कळला तरी पुरे. "बॅग" ऐकू आलं, पुढं "हाऊ मेनी" आलं, झालं, दोन बोटं दाखवा आणि "टू" म्हणा. मला ही गोष्ट कोणी आधी सांगितलीच नव्हती, मला वाटायचं पूर्ण वाक्य कळल्याशिवाय उत्तर द्यायचंच नसतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका प्रश्नावर, पण मजा पण त्यातच. "डिड यू पॅक दिज बॅग्ज युवरसेल्फ?" म्हणजे ह्या बॅगा तुम्ही स्वतः भरल्या का. आता मला सांगा, आपल्याकडं कोणता पुरुष स्वतःची बॅग स्वतः भरतो? फाउंड्रीवाले दादा सरळ म्हणाले, "नो. माय वाईफ." सर म्हणाले बरं, आणि पुढचा प्रश्न टाकला, कोणी तुम्हाला काही न्यायला दिलंय का. दादा खूश, कारण हा प्रश्न त्यांना पूर्ण कळला. "येस सर! माय वहिनी गिव्ह चिवडा, फॉर फ्रेंड. माय बॉस गिव्ह वन पार्सल." सरांनी डोक्यालाच हात लावला. मग मराठीत समजावलं की हे विचारतात ते सुरक्षेसाठी. दुसऱ्यानं दिलेल्या पुड्यात काय आहे हे तुम्हाला माहीत नसेल आणि सापडलं तर ते तुमचं धरतात, दिलेल्याचं नाही. म्हणून उत्तर पाठ करायचं नाही, तर आदल्या रात्री बायकोला शेजारी बसवून सगळी बॅग बाहेर काढायची, स्वतःच्या हातानं परत भरायची, मगच तिथं "येस, मायसेल्फ" म्हणायचं. आणि बंद पुडकं कोणाचंच घ्यायचं नाही, सख्ख्या भावाचं सुद्धा. इंग्रजीच्या क्लासात हे शिकायला मिळालं. दादांनी बॉसचं पार्सल पुढं काय केलं माहीत नाही, विचारायचं राहूनच गेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे एक वाक्य त्यांच्याकडं बंद आहे. "सॉरी, माय इंग्लिश इज वीक." आम्ही सगळे पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतो, कोणी काही विचारलं की हे तयार. मॅडम म्हणाल्या, "हे म्हटल्यावर समोरच्यानं काय करायचं हो? तुम्ही दार लावून घेतलं की." त्याच्या जागी तीन वाक्यं दिली. "वन मोअर टाइम प्लीज." "स्लोली प्लीज." "प्लीज शो मी." रोज, प्रत्येकाकडनं, दहा-दहा वेळा. गडहिंग्लजच्या आजी तर जिना चढताना पण म्हणायच्या, "स्लोली प्लीज, स्लोली प्लीज." हे तीन तुकडे म्हणजे माझे अडीच हजार रुपये, बाकीचं सगळं फुकट मिळालं असं मी धरते.

मग ते आईल. विंडो म्हणजे खिडकी हे कोणालाही येतं, पण पॅसेजच्या बाजूची सीट म्हणजे आईल. लिहिताना त्यात एस असतो, तो बोलायचा नाही. सरांनी चांदीवाल्या मामांना विचारलं, "विंडो ऑर आईल?" मामा लगेच म्हणाले, "नो ऑइल, नो ऑइल! ओन्ली ड्राय चटणी!" आदल्याच दिवशी तेल-लोणच्याचा धडा झालेला ना. त्या दिवशी मात्र मॅडमच हसल्या आणि चहा त्यांनीच पाजला.

पंधरा आणि पन्नास हा पण एक घोटाळा. फिफ्टीन, फिफ्टी. थर्टीन, थर्टी. गेटचा नंबर नीट ऐकला नाही तर माणूस विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. त्यावर उपाय इतका सोपा की राग येतो आधी का नाही सुचलं, विचारायचं "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?" झालं. आणि हे सगळं गोंगाटात करून घेतात. सर मोबाईलवर गर्दीचा आवाज लावायचे, वर खालनं राजारामपुरीचे हॉर्न फुकट. शांततेत मला सगळं कळायचं, हॉर्न वाजला की निम्मं गायब. म्हणून मग व्हॉट्सअॅपवर रोज पाठवलेली रेकॉर्डिंगं मी मुद्दाम मिक्सर चालू असताना ऐकायला लागले. आमचे हे म्हणाले, मसाल्यात आता इंग्रजीचा पण वास यायला लागलाय.

स्पेलिंगचा धडा पण भारी होता. नाव, आडनाव, बुकिंगचा तो सहा अक्षरांचा नंबर एकेक अक्षर सुटं सांगायचं. बी, डी, पी, टी हे फोनवर आणि गर्दीत एकसारखे ऐकू येतात, म्हणून बी फॉर अमुक असं म्हणायचं. विमानवाल्यांचं आपलं ठरलेलं असतं, अल्फा, ब्राव्हो, चार्ली, ते आमच्या डोक्यात बसंना. मग मॅडमनी कोल्हापुरी यादी काढली. के फॉर कोल्हापूर, पी फॉर पन्हाळा, जे फॉर जोतिबा, आर फॉर रंकाळा, जी फॉर गगनबावडा. एका दिवसात पाठ. ह्याचं पुढं काय झालं ते खाली येतंयच.

सामानाचा दिवस आला तेव्हा मात्र मीच थोडी मास्तरीण झाले. सर सांगत होते की कोल्हापूरहून मुंबईचं तिकीट वेगळं काढलं असेल तर देशातल्या विमानाला साधारण १५ किलोच सामान धरतात, आणि परदेशाच्या विमानाला २३-२३ किलोच्या दोन बॅगा असल्या तरी त्याचा इथं उपयोग नाही, जादाचे पैसे पडतात. पॉवर बँक मोठ्या बॅगेत अजिबात नाही, हातातल्या बॅगेतच. लोणचं, तूप, तेल हातातल्या बॅगेत नको. पातळ पदार्थाची बाटली १०० मिलीच्या वर चालत नाही. इथवर ठीक. मग म्हणाले सुकं खोबरं मोठ्या बॅगेत चालत नाही, तेलाचं असतं, पेट घेतं म्हणून. माझी दोन किलो खोबऱ्याची वाटी तिथंच बाद झाली, लेकीच्या डिंकाच्या लाडवाला मी मुद्दाम घेऊन ठेवलेली. आता लाडू इथंच करून न्यायचे म्हणजे चार दिवसांचं काम वाढलं. असू दे. पण दुबईचा विषय निघाला आणि मामा म्हणाले मी तिकडच्या ओळखीच्यांना दोन किलो कोल्हापुरी मसाला नेणार, तेव्हा मी मध्येच बोलले, मामा, मसाल्यात खसखस असती आणि दुबईत खसखशीला बंदी आहे, सापडली तर भानगड होती. हे मला माहीत कारण आखातात नेणाऱ्या गिऱ्हाइकाला मी बिनखसखशीचा वेगळा करून देते. सरांना हे माहीत नव्हतं. वहीत लिहून घेतलं त्यांनी. मामांना मी नवीन मसाला करून दिला, पैसे घेऊन.

आता तक्रारी.

छापील कागद देतात त्यात चुका आहेत. ज्या आईलवर एवढा वेळ घालवला त्याचंच स्पेलिंग चुकीचं, छापलंय त्याचा अर्थ बेट होतो म्हणे, नर्स पोरीनं दाखवून दिलं. "विंडो की बेट?" झेरॉक्स पण तिसऱ्या हाताची, फिकट. खाली झेरॉक्सचं दुकान असताना ही अवस्था.

वेळ दुपारची असल्यानं बायकांना बरी पडते पण शिफ्टवाल्या माणसाचं काय? फाउंड्रीवाले दादा बारापैकी सात दिवस आले असतील. बुडालेला धडा परत घेत नाहीत.

शेवटच्या दोन दिवसांत एक ट्रॅव्हल एजंट येऊन बसला, इन्शुरन्स आमच्याकडनंच घ्या, सिम कार्ड आमच्याकडनंच घ्या. अर्धा तास त्यात गेला. मॅडमना हे शोभलं नाही, तोंडावर पण सांगितलंय मी त्यांना.

पण खरी तक्रार वेगळीच, ती मला तीन महिन्यांनी कळली.

जाताना काय झालं सांगते. पावणेचारशे किलोमीटर रात्रभर गाडीनं जाऊन पहाटे मुंबईत सहारला, विमानतळाच्या टर्मिनल २ ला पोचलो. हे दारातच अडले, तिकीट असलेल्यालाच आत सोडतात. मी एकटी आत. हातात घाम. रांगेत उभी राहून मनातल्या मनात सगळा पाठ चाललाय, येस मायसेल्फ, नो पॉवर बँक, आईल प्लीज. काउंटरला गेले, छाती पुढं काढून म्हटलं, "गुड मॉर्निंग, आय अॅम फ्लाइंग टू शिकागो." त्या पोरीनं पासपोर्टवरचा पत्ता बघितला, मान वर केली आणि म्हणाली, "काकू, कोल्हापूरच्या का? माझी आत्या असते तिकडं. बॅग ठेवा वर." संपलं! सगळं मराठीत. खोबरं नाही ना काकू बॅगेत? नाही गं बाई. पॉवर बँक? पर्समध्ये आहे. आईल देऊ? दे. बारा दिवस घासलेलं इंग्रजी तसंच्या तसं पिशवीत राहिलं. मला बरं पण वाटलं आणि खरं सांगू का, थोडा हिरमोड पण झाला. पुढं मुंबईत जे जे भेटले ते मराठीत नाही तर हिंदीत बोलले.

दुबईत विमान बदलताना फक्त एकदाच कामाला आलं, बोर्डावर गेट बदललं होतं आणि मी एका गणवेशवाल्याला "प्लीज शो मी" म्हटलं तर तो चार पावलं चालत येऊन दाखवून गेला. शिकागोला बाहेर निघताना खाण्याचं काय आहे ते सगळं सांगायचं असतं, लपवायचं नसतं, हे क्लासमध्ये पक्कं करून घेतलेलं, मी "स्पाइस पावडर, होममेड स्वीट" म्हटलं, उघडून बघितलं, डिंकाचा लाडू हातात घेऊन वास घेतला त्या माणसानं, आणि जाऊ दिलं. तेवढ्यावर भागलं.

आता येताना. फेब्रुवारी, बाहेर बर्फ, नात तीन महिन्यांची, डोळे रडून सुजलेले. जावई सोडायला आलेले पण बाळ गाडीत, लेक गाडीत, म्हटलं तुम्ही जावा ओ, मी जाते. शिकागोच्या ओहेअर विमानतळाचं टर्मिनल ५. आता पहिलं म्हणजे तिथं काउंटरच्या आधी यंत्रं उभी, स्क्रीनला बोट लावायचं, पासपोर्ट टेकवायचा. क्लासमध्ये ह्या यंत्राचं नावसुद्धा कोणी घेतलं नव्हतं. शेजारच्या बाईंना "प्लीज शो मी" म्हटलं, त्यांनी केलं. मग काउंटर. तिथली बाई धिप्पाड, गोड, पण बोलणं म्हणजे एक्सप्रेस गाडी. आमच्या सरांचं इंग्रजी कोल्हापूरचं, रेकॉर्डिंगमधलं वर्तमानपत्र वाचल्यासारखं, आणि हिचं म्हणजे सगळे शब्द एकमेकाला चिकटलेले. पहिली बॅग गेली. दुसरी काट्यावर ठेवली. ती म्हणाली, "यू आर ओव्हर."

मला वाटलं संपलं! ओव्हर म्हणजे झालं की, आपल्याकडं मॅच ओव्हर, शो ओव्हर. मी म्हटलं "थँक्यू, थँक्यू," पर्स उचलली आणि चालायला लागले. मागनं "मॅम! मॅम!" परत आले. ती परत तेच, थ्री पाउंड्स ओव्हर. आता काट्यावर आकडा ५३. माझ्या डोक्यात २३ किलो, ही म्हणते ५३, मी घाबरले, तीस किलो जास्त कुठनं आलं? घरी तर लेकीनं काट्यावर बघून भरलेली. तेव्हा तोंडातनं आपोआप निघालं, "वन मोअर टाइम प्लीज. स्लोली." आणि ती खरंच सावकाश बोलली हो. बोटानं ५० दाखवलं, मग ५३ दाखवलं, मग बॅगेची चेन दाखवली, काढून घे म्हणून. तिकडं किलो नाही, पौंड. ५० पौंड म्हणजे आपले जेमतेम २३ किलो. हे क्लासमध्ये एकदा, फक्त एकदा सांगितलं असतं तर माझं काळीज एवढं उडलं नसतं.

बॅग तिथंच फरशीवर उघडली. वरच लेकीनं कोंबलेली बदामाची पिशवी, त्याच्यावर छापलंय तीन पौंड. अगदी तीन. देवानंच ठेवली म्हणायची. ती काढून हातातल्या बॅगेत टाकली, तिनं अंगठा दाखवला.

मग तिनं आडनाव नीट कळंना म्हणून सुटं सांगायला सांगितलं, आणि घाईत मी पी फॉर पन्हाळा म्हणून गेले. ती थांबली. "पी फॉर... व्हॉट, हनी?" मी तोंडावर हात घेतला, म्हटलं "पॅरिस! पी फॉर पॅरिस!" तर तिला पन्हाळाच आवडलं, शेजारच्या बाईला पण सांगितलं तिनं. शेवटी बॅगेची पट्टी मी स्वतः वाचली, बीओएम लिहिलंय का बघितलं. मुंबईचा कोड अजून बॉम्बेचाच आहे, शिकागोचा ओआरडी कारण त्या जागेचं जुनं नाव ऑर्चर्ड फील्ड, आणि आपला केएलएच. हे कोड सरांनीच शिकवलेले, त्यात मात्र कसूर नाही. पट्टीवर बीओएम असलं की बॅग मध्ये दुबईत घ्यायची नाही, थेट मुंबईला येते.

तर माझं म्हणणं असं की हा क्लास जाण्याचा आहे, येण्याचा नाही. मुंबईत तुमच्याशी मराठी-हिंदी बोलणारं कोणीतरी भेटतंच, इंग्रजीची खरी गरज तिकडच्या काउंटरला लागते, जिथं आपण एकटे, बाहेर जावई निघून गेलेला, आणि समोरची बाई पौंडात बोलती. बारापैकी निदान चार दिवस परतीच्या चेक-इनला द्यायला पाहिजेत, यंत्र, पौंड, तिकडची घड्याळाची आणि तारखेची पद्धत, महिना आधी आणि तारीख नंतर लिहितात ते, आणि भराभर बोलणाऱ्या माणसांची खरी रेकॉर्डिंगं. सरांचं गोड इंग्रजी ऐकून कान तयार होत नाही.

आल्यावर आठ दिवसांनी मॅडमकडं गेले, हे सगळं सांगितलं. एजंटवरनं पण बोलले. वाईट वाटून घेतलं नाही त्यांनी. बॅगेवरची पट्टी मी जपून आणलेली, ती सरांनी घेतली, आणि मी लेकीला सांगून त्या यंत्राच्या स्क्रीनचे फोटो मागवून दिले. नवीन बॅचला सरांनी "यू आर ओव्हर" घातलंय म्हणे, आणि पहिल्याच दिवशी एक जण माझ्यासारखाच थँक्यू म्हणून चालायला लागला. त्या काट्याला आता पौंडाची पण चिठ्ठी चिकटवलीय, हातानं लिहून.

पाचात चार देते. एक कापला परतीच्या प्रवासाचा. एजंटचा अर्धा कापणार होते पण चहाचा परत दिला. ज्यांना मुलाखतीचं, ऑफिसचं इंग्रजी पाहिजे त्यांनी इथं जाऊ नये, ते इथं मिळत नाही आणि मॅडम तसं स्पष्ट सांगतात पण. तिकीट काढल्यावर महिनाभर आधी जावा, आठवडा राहिला असताना जाऊन उपयोग नाही, पाठ होतं पण तोंडात बसत नाही. हो, आणि गाडी खाली रस्त्याला लावू नका, दुपारी टोइंगवाले येतात. ह्यांची स्कूटर दोनदा उचलून नेली, त्याचा दंड मी फीमध्ये धरलेला नाही.